गिअरचा खटका आणि दोषाचा शोध

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्य प्रथम रागावतो, मग कोणावर तरी दोष ठेवतो, आणि सर्वांत शेवटीं तें यंत्र उघडून पाहतो. वास्तविक हा क्रम अगदीं उलटा असावयास हवा. परंतु व्यवहारांत तसें घडत नाहीं. आणि जेथें माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथेंहि पुष्कळदां घडत नाहीं. मोटारीच्या गिअरच्या दांड्यापाशीं बसविलेल्या एका लहानशा विजेच्या खटक्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

स्वयंचलित गिअरची मोटार उभी असते तेव्हां तिच्या गिअरचा दांडा 'पार्क' या खुणेवर असतो. ब्रेकवर पाय दाबल्यावांचून तो दांडा तेथून हालत नाहीं. पाय दाबला कीं 'टक्' असा बारीकसा आवाज होतो आणि दांडा मोकळा होतो. नित्याच्या वापरांत या आवाजाकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. मग एके दिवशीं सकाळीं तो आवाज होत नाहीं. एंजिन सुरू आहे, पाय ब्रेकवर आहे, पण दांडा जागचा हालत नाहीं. कामाला निघालेला मनुष्य दांड्याशीं झोंबूं लागतो आणि हा खटका कोणी व कशासाठीं बसविला म्हणून त्रागा करतो. त्याच्या या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें बरेंच दुःखद आहे.

अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागलें त्याच वर्षीं, 'हायड्रामॅटिक' नांवाची स्वयंचलित गिअरची योजना पुढें आणली. १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ती प्रथम बसविण्यांत आली. क्लचचें पेडल नाहींसें झालें आणि मोटार चालविणें सोपें झालें. परंतु त्या अडचणीबरोबर एक संरक्षणहि नाहींसें झालें. जुन्या पद्धतीच्या गाडींत क्लच दाबावा, गिअर घालावा आणि क्लच हळूहळू सोडावा, तेव्हां गाडी हाले. त्या दोन-तीन क्षणांत चुकीच्या जागीं पडलेला पाय मागें घेण्यास अवसर मिळे. नव्या गाडींत दांडा सरकविला कीं गाडी निघण्यास सिद्ध! चूक आणि तिचा परिणाम यांच्यामधील अंतर जवळजवळ उरलें नाहीं.

त्या पहिल्या योजनेंत 'पार्क' ही खूणच नव्हती. न्यूट्रल, हाय, लो आणि रिव्हर्स अशा चार जागा होत्या, आणि गाडी उभी करून ठेवावयाची तर एंजिन बंद करून दांडा रिव्हर्सवर ठेवावा लागे. पुढें निरनिराळ्या कारखानदारांनीं निरनिराळे क्रम योजिले. एका गाडींतून उतरून दुसऱ्या गाडींत बसणाऱ्याचा हात जुन्या सवयीनें सरके आणि पुढें जाऊं पाहणारी गाडी मागें जाई. अखेर १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकन सरकारचा नियम अमलांत आला कीं, पुढें जाण्याच्या व मागें जाण्याच्या जागांमध्यें न्यूट्रलची जागा असलीच पाहिजे. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा आजचा परिचित क्रम अशा अनुभवांतून रूढ झालेला आहे.

'पार्क'ची जागा आली ती गिअरबॉक्सच्या आंत एक दांतेरी चाक व त्याच्या दांत्यांत अडकणारा लोखंडी अंकुश घेऊन आली. अंकुश नीट अडकला तर गाडी जागेवर राहते. अर्धवट राहिला तर मात्र मालकाची समजूत गाडी बांधली गेल्याची आणि वस्तुस्थिति निराळी, असा प्रसंग येतो. फोर्ड कंपनीच्या गाड्यांबाबत अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. दांडा पार्क व रिव्हर्स यांच्यामध्यें राही, आणि चालू एंजिनाची गाडी सोडून मनुष्य खालीं उतरला कीं ती आपोआप मागें धांवूं लागे. १९८० च्या अखेरीस सरकार व कंपनी यांच्यांत तडजोड झाली आणि सुमारें २ कोटि ३० लाख गाड्यांच्या मालकांसाठीं सावधगिरीच्या सूचनेची एक चिकटपट्टी पाठविण्याचें ठरलें. गाडींत ती समोर लावावयाची होती. या उपायावर त्या काळीं बरीच टीका झाली, आणि ती अकारण नव्हती. चिकटपट्टी ही वाचणाराच्या स्मरणशक्तीवर विसंबून असते, आणि अपघात होतो तो बहुधा स्मरण सुटलेल्या क्षणींच होतो.

यानंतरचें प्रकरण ऑडी कंपनीच्या '५०००' या गाडीचें. ही जर्मन गाडी १९७८ पासून अमेरिकेंत विकली जात होती. तिच्याविषयीं एक विलक्षण तक्रार येऊं लागली. उभी असलेली गाडी पार्कमधून काढतांच ती एकाएकीं पूर्ण वेगानें झेपावते, आणि ब्रेक दाबूनहि थांबत नाहीं, अशी ती तक्रार होती. २३ नोव्हेंबर १९८६ रोजीं सी.बी.एस. या दूरचित्रवाणी संस्थेनें आपल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमांत हा विषय घेतला. आपल्या गाडीपुढें सांपडून स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा गमावलेली एक माता त्यांत बोलली. आपला पाय ब्रेकवरच होता, असें ती सांगत होती. तिचें दुःख खरें होतें, आणि आपण सांगतों तें सत्य आहे याविषयीं तिच्या मनांत संशय नव्हता. त्याच कार्यक्रमांत एका गाडीचें पेडल आपोआप खालीं जातांना दाखविण्यांत आलें. मात्र त्या गाडीच्या गिअरबॉक्सला छिद्र पाडून बाहेरून दाब सोडण्याची योजना केलेली होती, ही गोष्ट पाहणारांस सांगितली गेली नाहीं.

लोकमताचा निकाल तत्काळ लागला. १९८५ सालीं अमेरिकेंत या कंपनीच्या सुमारें ७४,००० गाड्या विकल्या गेल्या होत्या. १९९१ सालीं हा आंकडा सुमारें १२,००० वर आला. गाडींतील नवीं विद्युत्-उपकरणें, संगणक, वेग स्थिर ठेवणारें यंत्र, या सर्वांवर संशय घेण्यांत आला. जें डोळ्यांना दिसत नाहीं आणि ज्याचें कार्य समजत नाहीं त्यावर संशय घेणें मनुष्याला नेहमींच सोपें जातें.

सरकारी चौकशी मात्र सावकाश चालली. अमेरिकन वाहतूक खात्याच्या, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील संशोधन केंद्रानें तिचा अहवाल जानेवारी १९८९ मध्यें दिला. अहवालाची विचारपद्धति कोणत्याहि जाणत्या मिस्त्र्याला आपली वाटावी अशी आहे. तिनें 'दोषी कोण?' हा प्रश्न आधीं विचारला नाहीं. 'असें घडावयाचें तर काय काय घडलें असलें पाहिजे?' हा प्रश्न प्रथम विचारला. गाडी आपोआप झेपावली असें म्हणावयाचें तर एंजिनाला हवा पुरविणारी झडप स्वतः होऊन पूर्ण उघडली पाहिजे. ती उघडली तरी ब्रेक शाबूत असतील तर उभी गाडी जागेवर धरून ठेवण्यास ते पुरेसे असतात, असें प्रयोगांत आढळलें. म्हणजे त्याच क्षणीं ब्रेकहि निकामी झाले पाहिजेत. या दोन व्यवस्था परस्परांपासून स्वतंत्र. त्या एकाच क्षणीं बिघडल्या पाहिजेत, आणि अपघातानंतर कोणतीहि खूण मागें न ठेवतां दोन्ही पुनः सुधारल्या पाहिजेत. याउलट, पाय ब्रेकऐवजीं शेजारच्या पेडलवर पडला असें मानलें तर सर्व गोष्टींचा उलगडा एकाच कारणानें होतो. गाडी पार्कमधून काढतांनाच कां झेपावते, 'ब्रेक' जितका अधिक दाबावा तितका वेग कां वाढतो, आणि नंतर यंत्रांत दोष कां सांपडत नाहीं, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्यांत मिळतें. कॅनडा व जपान येथील सरकारी तपासहि अशाच निष्कर्षाला पोंचले.

येथें पुष्कळ लोक थांबले आणि म्हणाले, 'तर मग चूक चालकाची!' अहवाल तेथें थांबला नाहीं. ऑडी गाडींत एंजिनाचा मंद वेग सांभाळणाऱ्या उपकरणांत कांहीं वेळां दोष होत असे व त्यामुळें एंजिन किंचित् उसळी घेई. ती उसळी एकटी अशा अपघाताचें कारण होण्याइतकी मोठी नव्हती. परंतु चालकाला दचकविण्यास पुरेशी होती. दचकलेला पाय जोरानें खालीं जातो, आणि तो कोठें टेकला आहे हें पाहण्यास डोळे तेथें नसतात. शिवाय पेडलांची परस्परांशीं असलेली मांडणीहि चुकीला साहाय्यभूत होण्याजोगी होती. सारांश, मनुष्य चुकला हें खरें. पण त्या चुकीकडे जाणारी वाट यंत्रानें मोकळी ठेवली होती. मातेचें म्हणणें खोटें नव्हतें, पण तिच्या पायाची साक्ष बरोबर नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें समजून घेण्यास त्या काळीं फार थोडे लोक तयार होते.

ही वाट बंद करण्याचा उपाय म्हणजेच गिअरचा खटका होय. जानेवारी १९८७ मध्यें ऑडी कंपनीनें आपल्या सुमारें अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांत तो बसविण्याचें जाहीर केलें. पाय खरोखरीच ब्रेकवर असल्यावांचून दांडा पार्कमधून सुटूं नये, एवढाच त्याचा हेतु. पाय चुकीच्या पेडलवर असेल तर एंजिन गर्जना करील, पण गाडी हालणार नाहीं. आणि त्या गर्जनेनेंच चालक सावध होईल. क्लच गेल्यामुळें जे दोन-तीन क्षण हरवले होते ते अशा रीतीनें परत मिळाले. खटका बसविलेल्या गाड्यांविषयींच्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या, आणि इतर कारखानदारांनींहि तो उचलला. पुढें २८ फेब्रुवारी २००८ रोजीं अमेरिकेंत एक कायदा झाला. २००२ सालीं घराच्या आवारांत मागें येणाऱ्या गाडीखालीं सांपडलेल्या एका दोन वर्षांच्या बालकाचें नांव त्याला दिलेलें आहे. मूल गाडींत एकटें असतां त्यानें दांडा ओढल्यास गाडी घरंगळूं नये म्हणून १ सप्टेंबर २०१० पासून तयार होणाऱ्या १०,००० पौंडांखालील प्रत्येक स्वयंचलित गिअरच्या गाडींत हा खटका त्या कायद्यानें आवश्यक झाला.

आतां खटक्याचें अंतरंग. १८२५ सालीं विल्यम स्टर्जन या इंग्रज गृहस्थानें लोखंडाभोंवतीं तारेचें वेटोळें गुंडाळून त्यांतून विजेचा प्रवाह सोडला, आणि प्रवाह असेपर्यंतच टिकणारा लोहचुंबक सिद्ध केला. गिअरच्या खटक्यांत हेंच तत्त्व आहे. दांड्याच्या बुडाशीं तारेचें एक वेटोळें असतें. त्याला सोलेनॉइड म्हणतात. त्याच्या पोकळींत लोखंडाची एक लहानशी कांडी सरकते. बहुतेक गाड्यांत प्रवाह नसतांना एक स्प्रिंग या कांडीला अडसरासारखी पुढें ढकलून ठेवते. ब्रेकच्या पेडलच्या वर एक लहान स्विच असतो. पेडल खालीं गेलें कीं तो जुळतो, गाडीच्या पाठीमागचे तांबडे दिवे लागतात, आणि त्याच संकेतानें वेटोळ्यालाहि प्रवाह मिळून कांडी आंत ओढली जाते. कानीं पडणारा 'टक्' आवाज तो हाच. बॅटरी, फ्यूज, ब्रेकचा स्विच, तार, कांहीं गाड्यांत मध्यें एक संगणक, मग वेटोळें, आणि शेवटीं गाडीच्या सांगाड्यांतून बॅटरीकडे परत, असा हा विजेचा प्रवास असतो. दोष या वाटेवर कोठें तरी असतो. तो कोठें आहे एवढाच प्रश्न.

जाणता मिस्त्री प्रथम हत्यार हातीं घेत नाहीं. तो गाडीच्या मागें कोणाला तरी उभें करतो आणि ब्रेक दाबून विचारतो, 'दिवे लागले काय?' या एका प्रश्नानें अर्धा प्रवास तपासून होतो. दिवे लागत नसतील तर गिअरकडे पाहण्याचें कारणच नाहीं. दोष बहुधा फ्यूजमध्यें किंवा ब्रेकच्या स्विचमध्यें असतो. फ्यूज जळलेला असेल तर तो बदलावा. पण नवाहि जळला तर अधिक जाड फ्यूज घालणें हा उपाय नव्हे. दिव्याच्या घरांत पाणी शिरलें आहे काय, एखादी तार घासून उघडी पडली आहे काय, हें शोधलें पाहिजे. फ्यूज शाबूत असेल तर स्विचच्या एका टोंकाला वीज येते, आणि पेडल दाबल्यावर ती दुसऱ्या टोंकाला पोंचते कीं नाहीं, एवढें पाहिलें कीं स्विचचा निवाडा होतो.

दिवे लागले, तर दुसरी परीक्षा कानाची. आवाज होतो पण दांडा सुटत नाहीं, असें असेल तर वीज निर्दोष आहे. अडचण यांत्रिक आहे. दांड्याच्या खांचेंत पडलेलें नाणें किंवा सांडून वाळलेलें सरबत एवढेंहि कारण पुरतें. उतारावर गाडी उभी असेल तर तिचा सारा भार आंतल्या अंकुशावर येतो आणि दांडा जड होतो; त्याला खटका बिघडला असें म्हणतां येत नाहीं. आवाजच होत नसेल तर मात्र वेटोळें, त्याच्याकडे येणारी तार, तिचे सांधे आणि सांगाड्याशीं असलेला जोड यांच्याकडे वळावें. कित्येक गाड्यांच्या ब्रेकच्या स्विचमध्यें संपर्काच्या दोन जोड्या असतात. एक जोडी दिव्यांसाठीं, दुसरी संगणकासाठीं. तेव्हां दिवे लागूनहि स्विचच दोषी असूं शकतो, हें विसरतां कामा नये.

येथें मापनाचें यंत्र उपयोगीं पडतें. ब्रिटिश टपालखात्यांतील डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याला निरनिराळीं मापनयंत्रें बाळगण्याचा कंटाळा येऊन त्यानें अँपिअर, व्होल्ट व ओहम हीं तिन्ही मापें देणारें एकच यंत्र योजिलें. तें १९२३ सालीं 'ॲव्होमीटर' या नांवानें बाजारांत आलें. आजचा मल्टिमीटर हा त्याचाच वंशज. परंतु मीटरचें म्हणणेंहि विचारपूर्वक ऐकावें लागतें. समजा, वेटोळ्याचा रोध १५ ओहम आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्यांतून ०.८ अँपिअर प्रवाह जाईल. वाटेंतील एका सांध्याला गंज चढून तेथें आणखी १५ ओहमचा रोध उत्पन्न झाला, तर प्रवाह निम्म्यावर येईल, वेटोळ्याच्या वांट्याला केवळ ६ व्होल्ट येतील, आणि कांडी हालणार नाहीं. आतां मिस्त्र्यानें वेटोळें सोडवून त्या तारेला मीटर लावला, तर तो सरळ १२ व्होल्ट दाखवील! कारण आजच्या मीटरचा स्वतःचा रोध साधारणतः एक कोटि ओहम असतो. त्याच्यापुढें गंजाचे १५ ओहम कोठल्या कोठें नाहींसे होतात. वेटोळें जोडलेलें असतां, म्हणजे वाटेवर खरा भार असतांनाच, माप घ्यावें. तेव्हांच सांध्याचें पाप उघडें पडतें. हें ज्याला ठाऊक नसतें तो निर्दोष वेटोळें फेंकून देतो, नवें बसवितो, आणि दांडा तसाच अडून राहतो.

बहुतेक गाड्यांत दांड्याजवळ एक छोटें झांकण असतें. तें काढून आंतील कळ दाबली कीं विजेवांचूनहि दांडा सुटतो. गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठीं ही सोय आहे. हँडब्रेक ओढून व ब्रेकवर पाय ठेवूनच तिचा उपयोग करावा. परंतु ज्यानें मागच्या दिव्यांची परीक्षा न करतां ही कळ दाबली, तो कदाचित् ब्रेकचे दिवे मेलेली गाडी रस्त्यावर नेत असतो. मागून येणाऱ्याला ती थांबते आहे हें कळणारहि नाहीं. हा नुसता तर्क नव्हे. एप्रिल २०१३ मध्यें ह्युंदाई व किआ या कंपन्यांनीं सदोष ब्रेक-स्विचमुळें अमेरिकेंत दहा लाखांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या. ब्रेकचे दिवे न लागणें व दांडा पार्कमधून न सुटणें हीं दोन्ही त्या एकाच दोषाचीं लक्षणें म्हणून सांगितलेलीं होतीं. अडून बसलेला दांडा कित्येकदां मालकाला दुसऱ्याच एका संकटाची आगाऊ सूचना देत असतो.

म्हणून खटका त्रास देतो तेव्हां तार परस्पर जोडून तो कायमचा निकामी करून टाकणें हा सर्वांत वाईट उपाय होय. त्या तारेनें एक सकाळ वांचते. परंतु जी वाट बंद करण्यास इतकीं वर्षें, इतके वाद आणि इतके जीव खर्ची पडले, ती वाट पुनः उघडी होते. मुंबई-पुण्याच्या गर्दींत स्वयंचलित गिअरच्या गाड्या आतां हजारोंनीं धांवत आहेत. त्यांतील पार्कची खूण असलेल्या गाड्यांच्या चालकांना हा खटका परिचयाचा आहे; त्याचा इतिहास मात्र फारसा कोणाला परिचयाचा नाहीं.

१९८६ सालच्या कोलाहलांत ज्यांनीं यंत्राला दोष दिला ते चुकले, आणि १९८९ सालीं ज्यांनीं केवळ चालकाला दोष देऊन हात झाडले तेहि चुकले. ज्यांनीं एकेक शक्यता घेतली, ती खरी असेल तर आणखी काय दिसलें पाहिजे हें ठरविलें, आणि तें दिसतें कीं नाहीं हें जाऊन पाहिलें, त्यांच्याच हातून मुलांचे जीव वांचविणारा एक साधा अडसर रूढ झाला. तो अडसर बिघडला तर दुरुस्त करण्याचीहि रीत तीच आहे. आणि तिचा आरंभ गाडीच्या मागें जाऊन तांबडे दिवे लागतात कीं नाहीं हें पाहण्यापासून होतो.